पौळ बाईंचा फळा

शिक्षकांना शिकवायला जाऊ नये, असं माझी आई म्हणायची. ती स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे अनुभवानं म्हणायची. आणि पोटापाण्यासाठी माझ्या वाट्याला नेमकं तेच काम आलं. नववी-दहावीच्या प्रत्येक विषयाचं एक ऑनलाइन पान असावं, शिक्षकांनी त्यावर धड्यांचे व्हिडिओ आणि गृहपाठ टाकावेत, मुलांनी मोबाइलवरून बघून उत्तरं पाठवावीत, अशी योजना निघाली होती. शिक्षकांना ती पानं उभी करून द्यायला एका संस्थेनं आम्हा काही जणांना नेमलं. सेलूपासून येलदरीपर्यंतच्या शाळा माझ्याकडे आल्या. मी जिंतूरला खोली घेतली, लॅपटॉप पाठीला लावला आणि स्कूटीवरून हिंडायला लागले.

किती तऱ्हेची माणसं भेटली! काही सर लोक पासवर्ड विचारला की छताकडे बघत बसायचे. काही म्हणायचे, "आमच्या पोराला येतंय सगळं, त्याला फोन लावा." हुशार मंडळी कुणाचे तरी तयार व्हिडिओ आपल्या पानावर चिकटवून मोकळी व्हायची आणि मला चहा पाजून वाटेला लावायची. त्या सगळ्यांची नावं आता विसरत चालले आहे. पौळ बाईंना विसरणं मात्र जमलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर जमावं असं वाटतही नाही.

येलदरीच्या अलीकडे एक गाव आहे, तिथल्या माध्यमिक शाळेत बाई गणित शिकवायच्या. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. नवरा, घर, सगळं परभणीला; बाई आठवडाभर गावातल्या एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.नं घरी जायच्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की दहावीचा वर्ग चालू असला तरी आठवीच्या पोरांनी पाढे म्हणायला घ्यावेत. फळ्यासमोर त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या. खडू खाली ठेवला की लगेच गावाकडची बोली. मधली पायरी नव्हतीच.

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला. बाईंनी टेबलाच्या खणातून ओलं फडकं काढलं आणि पडदा वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसला. मी "अहो बाई, अहो बाई" करेपर्यंत पाणी कळांच्या फटीत गेलं होतं.

"आधी फळा पुसायचा, मग अक्षर काढायचं," बाई म्हणाल्या. "घाणेरड्या फळ्यावर मी आजवर एक आकडा लिव्हला न्हाई."

मग त्यांनी पानाकडे बघून नाक मुरडलं. "हे असं पांढरंफटक कामून हाय? लेकरांना दिसंल का यावर काही? काळं करा." पूर्ण काळं काही होत नव्हतं. गडद हिरव्यावर आमची तडजोड झाली. जिल्ह्यातल्या सगळ्या पानांमध्ये ते एकच पान हिरवं होतं, आणि आमच्या ऑफिसातले लोक त्याला पौळ बाईंची शेती म्हणायचे.

काम लवकर उरकावं म्हणून मी त्यांना एक तयार व्हिडिओ दाखवला. शहरातल्या कुणी बाई वर्गसमीकरण शिकवत होत्या, छान शिकवत होत्या. पौळ बाईंनी तो शेवटपर्यंत बघितला.

"लय चांगलं शिकवतात," त्या म्हणाल्या. "पण आमची कोमल बाजू बदलताना चिन्ह बदलायचं इसरती, हे ह्यांना मालूम हाय का?"

"त्यांना कसं माहीत असेल?"

"मग त्यांचा काय उपयोग, माय?"

बाईंनी बाकावर स्टूल ठेवलं, स्टुलावर पुस्तकांची चळत रचली, त्याला आपला मोबाइल टेकवला आणि स्वतःचे धडे स्वतःच घ्यायला सुरुवात केली. व्हिडिओत त्यांचं डोकं अर्धं कापलेलं असायचं. पण फळा अख्खा दिसायचा, आणि बाईंच्या मते बघण्यासारखं तेवढंच होतं.

आता गंमत ऐका. दर आठवड्याला मी जायची आणि दर वेळी त्यांच्या पानावर एकच धडा असायचा. इतर शाळांची पानं भरून वाहत होती. मला वाटलं, बाई आळस करतात. मग वाटलं, पानातच काहीतरी बिघाड आहे. मी ऑफिसला फोन लावले, त्यांनी पुण्याला लावले. शेवटी बाईंनाच विचारलं, "बाई, बाकीचे व्हिडिओ कुठं जातात?"

"पुसते की."

"पुसता? म्हणजे?"

"नवा धडा लिव्हायच्या आधी जुना पुसाया नगं?" माझ्या अडाणीपणाची त्यांना मनापासून कीव आली होती. "तुमीच तर दाखवलं, ती कचऱ्याची पेटी."

उभी हयात ज्या हातानं फळा पुसला, त्या हातानं दुसरं काय करायचं? मी त्यांना समजावलं की इथं जागा संपत नाही, जुनं राहू द्यायचं असतं. बाईंना ते पटलं नाही. कालचं अर्धं गणित आजच्या गणिताच्या बाजूला बघितलं की लेकरं गोंधळतात, असं त्यांचं म्हणणं. आणि तसंही लेकरं रोज समोर बसत होती, पानाची निकड त्यांना कुठं होती? वरून आदेश आला म्हणून त्या ते पाळत होत्या, एवढंच.

दसऱ्यानंतर हे बदललं. दसरा झाला की त्या भागातल्या गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांचे ट्रॅक्टर निघतात. कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, लेकरं, सगळं ट्रॉलीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत. बाईंच्या दहावीतली सहा मुलं त्या वर्षी अशी निघाली होती. त्यांत कोमल होती. ह्या पोरांचा दरवर्षीचा हिशोब बाईंना पाठ होता: दिवाळीला गेलेलं लेकरू परीक्षेला येत नाही, आणि परीक्षेला न आलेली पोरगी पुढच्या हंगामात स्वतःच्या नवऱ्याबरोबर कोयता घेऊन जाते.

त्या दिवशी मी गेले तर बाई रिकाम्या वर्गात बसल्या होत्या. नमस्कार-चमत्कार काही नाही. एकदम म्हणाल्या, "माय, हे आपलं पान तिकडं कोपीवर दिसंल का?"

कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळची, वाळल्या पानांच्या पाचटाची झोपडी. मी म्हटलं, "रेंज असली तर दिसेल."

"आन आठ दिवसांमागचं दिसंल?"

"तुम्ही पुसलं नाही तर दिसेल."

बाई उठल्या, फळ्यावर सकाळचं काहीतरी लिहिलेलं होतं त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पुसायचंच न्हाई." ज्या सुरात लोक एखादं व्रत धरतात त्या सुरात म्हणाल्या, आणि पाळलंही तसंच. त्यानंतर त्या पानावरून एक अक्षर गेलं नाही. चुकलेली गणितंसुद्धा राहिली. "बाईबी चुकतात, बगू द्या की," असं वर म्हणायच्या.

त्याच सुमारास त्यांनी व्हिडिओत हजेरी घ्यायला सुरुवात केली. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, मोबाइल अडकला. बाई फळ्यासमोर उभ्या. "कोमल." मग शांतता. चांगला मोठा श्वास घेऊन सोडावा इतकी. मग पुढचं नाव. पुन्हा शांतता. अशी सहा नावं.

मी सांगून बघितलं. बाई, ही मुलं तिकडे आहेत, ती उत्तर देणार नाहीत, दिलं तरी तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि फुकट डेटा जातो.

"गप बसल्याचाबी डेटा जातो?"

"जातो ना बाई."

"जाऊ द्या. हजेरी न घेता शिकवलं तर ते भाषण झालं." संपला विषय. बाईंशी वाद घालणं म्हणजे भिंतीला टक्कर देणं होतं, आणि मी तोवर पुष्कळ टेंगळं आणून बसले होते.

उत्तरं मात्र यायला लागली. पण ती सगळी एकाच विद्यार्थ्याच्या नावानं. विद्यार्थ्याचं नाव होतं मारोती मुकादम. प्रत्येक गृहपाठाला ह्या मारोतीची सहा-सहा उत्तरं, वहीच्या पानांचे फोटो, सहा वेगळी अक्षरं. ऑफिसातून मला विचारणा: हा कोण अतिउत्साही मुलगा, आणि बाकीचे गैरहजर का?

मुकादम म्हणजे टोळीचा म्होरक्या, मजूर जमवून नेणारा. मारोती तिशी ओलांडलेला गडी होता. कधीकाळी बाईंच्याच हाताखालून आठवीतून शाळा सोडून गेलेला, आईबापाबरोबर ह्याच ऊसतोडीला. आईबापांकडे होते ते बटणांचे फोन. मोठा फोन सगळ्या टोळीत मारोतीकडेच. पान उघडायला मोबाइल नंबर लागायचा, सहाही पोरांनी त्याचाच दिला. मी पानं उभी करताना प्रत्येक मुलामागे एक फोन धरला होता. असं कुणी धरत असेल तर त्यानं एकदा कोपीवर जाऊन यावं.

मी म्हटलं, बाई, प्रत्येकाचं नाव वेगळं करता येईल का बघते. बाईंचं लक्ष नव्हतं. त्या फोटो मोठे करून बघत होत्या. "हे तिरकं सात कोमलचं. चिन्ह बदललं बगा हिनं! बदललं!" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "हा मारोत्या दिवसभर राबून आल्यावर सांजच्याला फोन देतोय लेकरांना. न्हाई म्हणला असता तर कुणी काय करणार होतं?"

दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत सहा नावांनंतर बाईंनी सातवं घेतलं. "मारोती मुकादम." आणि थांबल्या.

पुढच्या खेपेला मी शाळेत असतानाच त्याचा फोन आला. बाईंना स्पीकरशिवाय ऐकू यायचं नाही, त्यामुळे सगळ्या स्टाफरूमनं ऐकलं.

"बाई, माझं नाव कामून घेतलं? समदी टोळी हसायलीय मला."

"वर्गात हायस ना तू?"

"फोन माझा हाय, म्हंजे हायच की."

"मग हजर म्हणलास का न्हाई?"

तिकडे तो गडी लाजून हसला. "म्हणलो, बाई. लेकरांनी म्हणाय लावलं. त्ये उभं ऱ्हाऊन म्हणत्यात, हजर बाई, हजर बाई. कोपीम्होरं रांगेनं उभी ऱ्हात्यात बगा. मग म्या कसा बसून ऱ्हाऊ?"

बाईंनी "बरं, बरं, अभ्यास करून घे" म्हणून फोन ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. पुसतच राहिल्या. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण मला रडू आलं होतं आणि बाईंना रडणारी माणसं आवडत नसत. हजेरीतली ती शांतता मला रिकामी वाटली होती. सांगलीकडच्या कुठल्या तरी फडाजवळ ती रोज भरून निघत होती.

माघ संपत आला. परीक्षा तोंडावर, आणि तिकडे तोड जोरात. मारोतीनं शब्द दिला होता की पोरांना परीक्षेआधी आणून सोडतो. पाच जणांच्या घरी आजी किंवा आजोबा गावातच होते, त्यामुळे त्यांची सोय होती. अडलं कोमलचं. तिचा बाप फोनवर आला. मी मनात त्याच्याशी भांडायची तयारीच करून बसले होते, पण माणूस भांडण्यासारखा निघाला नाही.

"कोमलला धाडायला माझी ना न्हाई, बाई. लय हुशार हाय म्हणतात तुमी, मला काय कळत न्हाई त्यातलं. पण परीला कोण बगंल? आमी दोघं येरवाळीच, अंधारातच, फडात जातो. कोमल हाय म्हून लेकरू सांभाळून हाय. ती गेली तर परी कोपीत येकटी. दारातून ट्रॅक्टर जात्यात बाई, रिव्हर्स घेत्यात. मागल्या साली श्येजारच्या टोळीत..."

परी ही कोमलची धाकटी बहीण. इतका वेळ दहावीची परीक्षा, योजना, पान असलं सगळं आमच्या डोक्यात होतं, आणि सगळं येऊन अडकलं होतं ते एका लेकराच्या पाठीमागे कुणी उभं राहायचं ह्यावर.

बाईंनी शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. विचारलं, "परी केवढी हाय?"

"दुसरं संपंल आता."

"काय खाती?"

"खिचडी खाती. दूध-भाकर खाती."

"मग दोघींला धाड."

"बाई, घरी म्हातारं माणूस न्हाई आमच्या. कुणापाशी ठिवायची?"

"माझ्यापाशी."

तो बिचारा गडबडला. "तुमी? न्हाई बाई, ती लय रडती."

"मी गणित शिकवते," बाई म्हणाल्या. "माझ्यापुढं समदेच रडतात."

बाप हसला नाही. बघतो म्हणाला. ठरलेल्या दिवशी मारोतीनं पाच पोरं आणून सोडली. कोमल त्यांत नव्हती. बापाचा जीव होत नव्हता, आणि आईचा त्याहून नाही, असं मारोतीनं सांगितलं. बाई पाच पोरांना घेऊन वर्गात गेल्या आणि शिकवायला लागल्या. पण त्या दिवशी फळ्यावर त्यांचा आकडा दोनदा चुकला, आणि पोरांनी तो दाखवून दिल्यावर त्या रागावल्या. रागावणं नेहमीचं होतं, चुकणं नव्हतं.

परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कोमलची आई एस.टी.नं आली. एका हाताला कोमल, कडेवर परी. बाईंच्या खोलीच्या दारातच तिनं लेकरू बाईंच्या हातात दिलं. परतीची गाडी लगेच होती, तोड थांबवून चालणार नव्हतं. पाणीसुद्धा उभ्यानंच प्याली. जाताना म्हणाली, "बाई, झोपताना हिच्या पाठीवर जरा थापटावं लागतंय." एवढंच म्हणाली आणि मागं न बघता स्टँडकडे गेली. बाईंनी हे मला नंतर सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

कोमलच्या बोटांना पाचटानं चिरा पडल्या होत्या. पेन धरलं की त्या उलायच्या. बाई सकाळ-संध्याकाळ खोबरेल कोमट करून तिची बोटं चोळायच्या आणि चोळता चोळता सूत्रं विचारायच्या. उत्तर चुकलं की चोळणं थांबायचं. आणि परी? ती खरोखरच रडकी निघाली. पहिल्या रात्री तिनं सगळी आळी जागी केली. शेजारणीनं येऊन सांगितलेले सगळे उपाय बाईंनी करून बघितले. शेवटी पाढे म्हटले, आणि एकोणतीसच्या पाढ्याला पोरगी गप्प झाली, असा बाईंचा दावा होता. मी त्याला साक्षीला नव्हते.

ती सहाही मुलं परीक्षेला बसली. एक गडी नेमका गणितात गेला, ह्याचं बाईंना इतकं लागलं की त्यांनी निवृत्त झाल्यावरही त्याला फोनवरून शिकवून पुढच्या परीक्षेत काढलंच. कोमल आता जिंतूरला अकरावीत आहे. हे सगळं मला नंतर फोनवरच कळलं. बाई परभणीहून मुलाकडे लांब राहायला गेल्या आणि मीही दुसऱ्या कामाला लागले. प्रत्यक्ष भेट राहून गेली ती गेलीच.

शेवटचं बघितलं ते गणिताच्या पेपरच्या दिवशी. माझं त्या भागातलं काम संपत होतं, म्हणून निरोप घ्यायला मी परीक्षेच्या केंद्रावर गेले. शेजारच्या मोठ्या गावातली शाळा होती ती. बाहेरच्या शिक्षकांना आत मज्जाव होता. फाटक बंद, बाहेर पोलीस, आणि आत कुठंतरी कोमल आपलं तिरकं सात काढत बसलेली. रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली एका बंद टपरीच्या कट्ट्यावर पौळ बाई बसल्या होत्या. पदराची पिन निघाली होती, साडीवर खिचडी सांडलेली, आणि परी त्यांच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. बाईंचा हात तिच्या पाठीवर हळूहळू पडत होता. नजर शाळेच्या खिडक्यांकडे.

मी जवळ गेले. बोलायला तोंड उघडलं तर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. जरा वेळ मी तशीच शेजारी बसले. मग मी उठून खाली वाकले, त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि लगेच परत पोरीच्या पाठीवर नेला.

स्कूटीला चावी लावली तेवढ्यात मागून चुटकी वाजली. वळून बघितलं. बाई डोळे मोठे करून मान हलवत होत्या, इथं नको, इथं नको. मी गाडी स्टँडवरून काढली, ढकलत ढकलत रस्त्याच्या वळणापर्यंत नेली, आणि तिथं गेल्यावर सुरू केली.